जुना फ्लॅट विकताना छायाचित्रांवर खर्च करावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये सुमारे ३० वर्षांपूर्वीच्या सहकारी सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, आई-वडिलांचा दोन बीएचके फ्लॅट आहे. इमारतीला लिफ्ट नाही. आई-वडील आता आपल्याकडे मुंबईला राहायला आल्यामुळे तो विकायचा आहे. एजंटने एका दुपारी जाऊन मोबाइलवर सात-आठ फोटो काढले आणि जाहिरात टाकली. चौकशीचे फोन येतात, पण घर बघायला फारसे कोणी येत नाही आणि जे येतात ते किंमत फारच पाडून मागतात. व्यावसायिक छायाचित्रकाराकडून फोटो काढून घ्यावेत का, असे विचारल्यावर एजंटचे उत्तर होते की घेणारा शेवटी प्रत्यक्ष बघूनच घेतो, फोटोंवर खर्च कशाला करायचा.

मी पुण्यात अनेक वर्षे घरांचे छायाचित्रण करतो. आरंभी अंतर्गत सजावटकारांसाठी करत असे, आता मुख्यतः पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी करतो. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्याला एक क्रम आहे. आधी घराची आवराआवर आणि किरकोळ दुरुस्ती, मग योग्य ऋतू आणि योग्य वेळ, आणि त्यानंतर कॅमेरा. पहिल्या दोन गोष्टी टाळून महागडा छायाचित्रकार बोलावला, तर तो पसारा आणि अंधार अधिक स्पष्टपणे टिपण्यापलीकडे काही करू शकत नाही.

घेणारा प्रत्यक्ष बघूनच घेतो, हे एजंटचे म्हणणे खरे आहे. मात्र कोणती घरे प्रत्यक्ष बघायची आणि कोणती नाहीत, हा निर्णय आज जवळजवळ सर्वच जण फोटो पाहून घेतात, हे त्यात सुटते. नोकरी करणारे जोडपे रात्री जेवणानंतर मोबाइलवर मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स किंवा नोब्रोकर उघडते, परिसर आणि किंमत निवडते आणि समोर आलेली यादी अंगठ्याने वर सरकवत जाते. त्या यादीत प्रत्येक घराचा एकच छोटा फोटो दिसतो. तो फोटो अंधारा, तिरका किंवा नुसत्या सोफ्याचा असेल, तर खाली लिहिलेले उत्तम वर्णन वाचायला कोणी थांबत नाही. शनिवार-रविवारी पुण्याच्या वाहतुकीत एका दिवसात तीन किंवा चार घरे बघून होतात. त्या तीन-चारांत आपले घर यावे, एवढेच छायाचित्राचे पहिले काम आहे. कोथरूडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथे घर शोधणाऱ्यांत मुंबईहून निवृत्तीनंतर येऊ पाहणारे लोक आणि परदेशातून आई-वडिलांसाठी घर बघणारी मुले यांचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतील मुलगी घर स्वतः बघत नाही. ती फोटो पाहते, त्यातील दोन पसंत करते आणि मग पुण्यातल्या मामाला किंवा काकूला बघायला पाठवते. तिच्यासाठी फोटो हेच घर असते.

चांगल्या फोटोंमुळे किंमत वाढते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी सावधपणे देतो. जुन्या फ्लॅटचा दर आजूबाजूला झालेल्या नोंदणीकृत व्यवहारांवर, मजल्यावर, लिफ्ट आणि पार्किंगवर, सोसायटीच्या अभिहस्तांतरणाची (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होण्याची) कागदपत्रे पूर्ण आहेत की नाहीत यावर आणि बँक कर्ज देईल की नाही यावर ठरतो. यांपैकी एकही गोष्ट छायाचित्र बदलू शकत नाही. छायाचित्र जे करू शकते ते असे, की ज्यांना खरोखर अशाच घराची गरज आहे असे अधिक लोक दारापर्यंत येतात, आणि एकाच्या ऐवजी तीन-चार जणांना घर हवेसे वाटले की मालकाला घाईने किंमत उतरवावी लागत नाही. म्हणून फोटोंवरचा खर्च भावात वाढ मिळवण्यासाठी नव्हे, तर भाव विनाकारण पडू नये यासाठी करावा, असे मी सांगतो. महिनोन्महिने यादीत पडून राहिलेल्या फ्लॅटकडे घेणारे संशयाने बघू लागतात आणि तिथूनच पाडून मागणे सुरू होते.

आता तयारीकडे वळतो. आपले घर सध्या बंद आहे, म्हणजे खिडक्यांवर धूळ, ओट्यावर कागद आणि बाथरूमच्या नळांवर क्षारांचे पांढरे डाग असणार. खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून पुसून घेणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट आहे, कारण खोलीत येणारा सगळा प्रकाश त्यांतूनच येतो. बॉक्स ग्रिलमध्ये ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या, जुने डबे, सायकलचे सुटे भाग काढून टाकावेत. आतून फोटो काढताना खिडकीबाहेर तेच दिसतात. माळ्यावरचे सामान बाहेर डोकावत असेल तर ते आत ढकलावे किंवा माळ्याला साधा पडदा लावावा. भिंतीवरची मागील वर्षाची दिनदर्शिका, फ्रिजवरची चुंबके, दारामागच्या खुंट्यांवरचे कपडे आणि पिशव्या, पलंगाखालच्या बॅगा, ओट्याखाली दिसणारा गॅस सिलिंडर या वस्तू प्रत्यक्ष घरात वावरताना आपल्या डोळ्यांना खुपत नाहीत, कारण डोळा हवे तेच बघतो. कॅमेरा मात्र सर्व काही सारख्याच तपशिलाने दाखवतो. भिंतींना पोपडे आले असतील तर आधी गळतीचे कारण शोधून ते दुरुस्त करावे आणि मगच रंग द्यावा. संपूर्ण घराला रंग देणे परवडणार नसेल, तर निदान हॉल आणि स्वयंपाकघर फिक्या, एकसारख्या रंगाने रंगवून घ्यावे. गडद जांभळी किंवा पोपटी भिंत शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर आणि छतावर आपला रंग फेकते आणि फोटोत सगळी खोलीच तशी दिसते.

यानंतरची बाब प्रकाशाची, आणि येथे मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक वाईट फोटोंचे मूळ येथेच असते. एजंट सोयीच्या वेळी येतो. ती वेळ घराच्या सोयीची असेलच असे नाही. खोलीच्या खिडकीतून थेट ऊन आत येत असेल, तेव्हा जमिनीवर एक झगझगीत पट्टा पडतो आणि बाकीची खोली त्या तुलनेत काळी दिसते. मोबाइल त्या पट्ट्याशी जुळवून घेतो आणि खोली आणखी अंधारते. त्यामुळे ज्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे तिचे फोटो ऊन वर चढल्यावर, साधारण अकरानंतर काढावेत, आणि पश्चिमेच्या खोलीचे फोटो सकाळी काढावेत. आकाश उजळ असावे, पण ऊन थेट आत नसावे, हा नियम. उत्तरेची खिडकी असलेली खोली हिवाळ्यात दिवसभर समान, मऊ प्रकाश देते आणि ती कोणत्याही वेळी चालते. दक्षिणेच्या बाल्कनीचा विचार ऋतूप्रमाणे करावा लागतो. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आतपर्यंत पोहोचते. याउलट मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तो माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या दरम्यान किंचित उत्तरेकडे झुकतो, त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या बाल्कनीत सज्जाची सावली असते. म्हणजे एकाच बाल्कनीसाठी हिवाळ्यातली योग्य वेळ आणि उन्हाळ्यातली योग्य वेळ वेगवेगळ्या असतात. छायाचित्रकार फोनवरच आपल्याला खिडक्यांच्या दिशा विचारत असेल, तर तो काम जाणणारा आहे असे खुशाल समजावे.

पावसाळ्यात फोटो काढू नयेत, असा एक समज आहे; तो मला पूर्णपणे मान्य नाही. ढगाळ आकाश हा मोठा, मऊ प्रकाशस्रोत असतो. खिडकी आणि खोली यांच्या उजेडातला फरक कमी होतो आणि बाहेरची झाडे हिरवी दिसतात. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली असेल तर घराच्या आतल्या फोटोंसाठी तो दिवस उत्तम असतो. इमारतीच्या बाहेरच्या फोटोंसाठी मात्र पावसाळा गैरसोयीचा, कारण भिंतींवर शेवाळाचे काळे-हिरवे ओघळ असतात आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात. आतले फोटो पावसाळ्यात आणि बाहेरचे दसऱ्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी, अशा दोन भेटी ठरवल्या तरी त्यात वावगे काही नाही.

घरातल्या दिव्यांचा प्रश्न निराळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक एलईडी ट्यूब सुमारे ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप), म्हणजे निळसर पांढऱ्या असतात, आणि त्या दिवसाच्या उजेडात बऱ्यापैकी मिसळून जातात. अडचण येते ती पीओपीच्या छतात बसवलेल्या २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यांची. ते आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की भिंतीचा अर्धा भाग पिवळा आणि अर्धा निळा दिसतो, आणि तो नंतर संगणकावर दुरुस्त करणे कष्टाचे असते. म्हणून दिवसा फोटो काढताना एकतर पिवळे दिवे बंद ठेवावेत किंवा त्या खोलीतले सर्व दिवे एकाच रंगाचे करून घ्यावेत. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलच्या फोटोत कधीकधी आडवे पट्टे उमटतात. कॅमेऱ्यात शटरचा वेग एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंद ठेवला की ते जातात. पंखे मात्र बंदच ठेवावेत. फिरत्या पात्यांचा धूसर गोल खोलीचा सगळा ठाशीवपणा घालवतो.

खिडकी आणि खोली यांच्या उजेडात फार फरक असतो, त्यामुळे एकाच चित्रात दोन्ही नीट दिसत नाहीत. एक तर खिडकी पांढरीफटक होते किंवा खोली काळी पडते. यावर व्यावसायिक उपाय असा, की कॅमेरा तिपाईवर ठेवून तेच दृश्य तीन किंवा पाच वेगवेगळ्या उजेडपातळ्यांवर टिपायचे आणि नंतर ती चित्रे एकत्र करायची. काही जण छतावर फ्लॅशचा प्रकाश मारून खोलीचा उजेड वाढवतात. पांढऱ्या छताच्या घरात ही पद्धत उत्तम चालते. हल्लीचे मोबाइल हेच काम आपोआप करतात, पण त्याचा अतिरेक झाला की भिंती करड्या, लाकूड नारिंगी आणि आकाश शाईसारखे निळे दिसू लागते. असे चित्र पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, तरी त्याचा विश्वास उडतो. आपल्या कोथरूडच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर गुलमोहर किंवा सोनमोहर असेल, तर ती झाडे फोटोत ओळखू येतील इतपतच खिडकी उजळ ठेवायला सांगावी. जुन्या सोसायट्यांची ती खरी संपत्ती आहे आणि नव्या उंच इमारतींकडे ती सहसा नसते.

भिंगाच्या रुंदीविषयी बरेच गैरसमज आहेत. खोली मोठी दिसावी म्हणून अतिशय रुंद कोनाचे भिंग वापरण्याचा मोह मालकांना होतो, एजंटांना होतो आणि नवख्या छायाचित्रकारांना तर विशेषच होतो. मोबाइलवरच्या ०.५ या पर्यायाचा कोन १०० अंशांहून अधिक असतो. त्यात दहा बाय अकरा फुटांची बेडरूम बँक्वेट हॉलसारखी दिसते, चित्राच्या कडेला आलेला फ्रिज कपाटाएवढा रुंद होतो आणि समोरचा पलंग दूर पळतो. खोलीचा कोपरा काटकोनात असतो. त्या कोपऱ्यात उभे राहिले की समोरच्या दोन्ही भिंती मावण्यासाठी ९० अंशांचा कोन पुरतो, आणि पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो १८ मिलिमीटरच्या भिंगाने मिळतो; हा आकडा जितका लहान, तितका कोन रुंद. माझी बहुतेक चित्रे १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान असतात. स्वयंपाकघरासारख्या अगदी अरुंद जागेतच त्याहून रुंद जावे लागते, तेही कडेला कोणतीही ओळखीच्या आकाराची वस्तू येऊ न देता.

याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. फोटोत प्रशस्त दिसलेली बेडरूम प्रत्यक्षात पाहिल्यावर माणूस पहिल्या पाच मिनिटांत निराश होतो, आणि निराश झालेला माणूस उरलेले घर दोष शोधण्याच्या दृष्टीने बघतो. तो एकतर निघून जातो किंवा पाडून मागतो. आपल्याकडे बघायला आलेले लोक फार कमी किंमत सांगत आहेत, यामागे हेही एक कारण असू शकते. एजंटने काढलेले फोटो ०.५ वर काढलेले आहेत का, हे एकदा तपासून पाहावे. ज्या घरात आल्यावर माणूस म्हणतो की फोटोत दिसले तसेच आहे, त्या घरात पुढची बोलणी सरळ होतात, असा माझा सातत्याने आलेला अनुभव आहे.

कॅमेऱ्याची उंची आणि सरळपणा याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. उभे राहून डोळ्यांच्या पातळीवरून मोबाइल किंचित खाली झुकवला, की भिंतींच्या उभ्या कडा खालच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि घर कलंडल्यासारखे दिसते. मोबाइल किंवा कॅमेरा पूर्णपणे उभा ठेवावा, साधारण चार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर; दाराच्या चौकटी चित्राच्या कडेला समांतर आहेत ना, हे बघावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा चालू केल्या तर हे सोपे जाते. स्वयंपाकघरात थोडे वर जावे, नाहीतर ओट्याचा पृष्ठभाग दिसत नाही, आणि गृहिणीला तर तोच बघायचा असतो. सर्व चित्रे आडवी काढावीत. उभ्या चित्रात एक दार आणि एक खिडकी येते, पण त्या दोहोंचा परस्परसंबंध कळत नाही.

परस्परसंबंध हाच खरा गाभा आहे. घेणाऱ्याला सुंदर चित्रांचा संग्रह नको असतो. त्याला दारातून आत आल्यावर काय लागते, हॉलमधून स्वयंपाकघर दिसते का, बेडरूमचे दार कुठे उघडते, ड्राय बाल्कनी कुठे आहे आणि धुण्याचे यंत्र तिथे मावेल का, हे समजून घ्यायचे असते. त्यामुळे मी प्रत्येक महत्त्वाच्या खोलीची दोन चित्रे काढतो: एक दारातून खिडकीकडे आणि दुसरे खिडकीकडून दाराकडे. दुसऱ्या चित्रात शेजारच्या खोलीचा थोडा भाग दिसतो आणि घर मनात जोडले जाते. जाहिरातीत चित्रे घरात चालत गेल्याच्या क्रमानेच लावावीत. आधी दोन बाथरूम, मग गॅलरी, मग अचानक जिना, असा क्रम पाहणाऱ्याला गोंधळात टाकतो. अपवाद एकच, तो पहिल्या चित्राचा. तिथे घरातला सर्वांत उजळ आणि मोकळा कोपरा यावा. आपल्या प्रकारच्या फ्लॅटमध्ये तो बहुधा हॉलमधून बाल्कनीकडे बघणारा असतो. एकूण पंधरा-सोळा चित्रे दोन बीएचकेला पुरेशी होतात. त्याच पलंगाचे चार कोनांतून काढलेले फोटो टाकल्याने लोक कंटाळून पुढे जातात.

बाथरूमविषयी थोडेच सांगतो: बादल्या, मग, साबण, टांगलेले टॉवेल बाहेर काढावेत, फरशी कोरडी करावी, कमोडचे झाकण बंद ठेवावे, आणि एकच चित्र काढावे.

इमारतीच्या बाहेरच्या फोटोंकडे मात्र बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि जुन्या सोसायटीत ते फार महाग पडते. कोथरूडमध्ये अशा वयाच्या इमारतीतला फ्लॅट घेणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना लगेच राहायला जायचे असते. काहींची नजर पुढेमागे होऊ शकणाऱ्या पुनर्विकासावर असते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपल्या ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये रस नसतो. त्याला समोरचा रस्ता किती रुंद आहे, इमारतीभोवती किती मोकळी जागा आहे, इमारत किती मजली आहे, हे बघायचे असते. रस्त्याच्या पलीकडून काढलेले, रस्ता आणि प्रवेशद्वार दोन्ही दाखवणारे एक चित्र त्याला पुरेशी माहिती देते. लगेच राहायला येणाऱ्याला पार्किंगची जागा, जिना आणि जिन्यातला उजेड बघायचा असतो. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा जिन्याचा स्वच्छ, उजळ फोटो अवश्य द्यावा आणि वर्णनात तिसरा मजला, लिफ्ट नाही, असे स्पष्ट लिहावे. लिफ्ट नसल्यामुळे जो येणारच नाही, त्याने फोन करून आपला आणि एजंटचा वेळ घेण्याचे कारण नाही. आपल्याला येणाऱ्या आणि पुढे काहीच न होणाऱ्या फोनांपैकी बरेचसे याच एका प्रश्नावर थांबत असतील, असा माझा अंदाज आहे. गच्चीवरून परिसराचा फोटो काढायचा असेल तर सोसायटीच्या सचिवांना आधी विचारावे. ड्रोनची आवश्यकता अशा घरासाठी नसते. शिवाय ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे आणि हिरवे विभाग केलेले आहेत आणि पुण्यासारख्या शहरात विमानतळ आणि लष्करी ठिकाणे लक्षात घेऊन परवानगीची खात्री केल्याशिवाय ते उडवणे योग्य नाही.

चित्रांवर नंतर संगणकावर किती काम करावे, याबाबत माझी रेषा ठरलेली आहे. उजेड वाढवणे, रंगांचा तोल साधणे, वाकड्या कडा सरळ करणे, भिंतीवरच्या खिळ्याचे भोक पुसणे, हे मी करतो. कारण उद्या बघायला आलेल्या माणसाला घर तसेच दिसणार असते किंवा मालक ते सहज तसे करू शकतो. छताची ओल पुसणे, खिडकीसमोरची शेजारची इमारत हटवणे, विजेच्या तारा किंवा रोहित्र गायब करणे, हे मी करत नाही आणि कोणी करून देत असेल तरी करून घेऊ नये असा माझा आग्रह आहे. येथे केवळ नैतिकतेचा प्रश्न नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात न येणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर, वेगळा करार नसेल तर, बंधनकारक आहे. गळतीवर रंग चढवून आणि फोटोतून तिचा मागमूस पुसून घर विकले, तर नंतर वाद उभा राहण्याची शक्यता राहते, आणि तोवर घराचे पैसे अन्यत्र गुंतलेले असतात. माझ्या पाहण्यात तर असेही आले आहे की गळती होती, ती कधी आणि कशी दुरुस्त केली, असे मालकाने स्वतःहून सांगितल्यावर घेणाऱ्याचा बाकीच्या माहितीवरचा विश्वास वाढला.

आपले घर बंद आहे, पण सामान आतच आहे, असे आपण लिहिले आहे. रिकामे घर फोटोत लहान दिसते, कारण आकाराची कल्पना यायला काहीच नसते; भरलेले घर तर आणखी लहान दिसते. हॉलमध्ये सोफा किंवा दिवाण आणि एक छोटे टेबल, बेडरूममध्ये पलंग आणि साधी, एकरंगी चादर, स्वयंपाकघरात ओट्यावर फार तर दोन-तीन वस्तू, एवढे ठेवून बाकीचे एका खोलीत हलवावे, मोकळ्या झालेल्या खोल्यांचे फोटो काढून घ्यावेत आणि मग त्या शेवटच्या खोलीतले सामान बाहेर हलवून तिचे फोटो काढावेत. हे कष्टाचे आहे, पण अर्ध्या दिवसात होते. संगणकावर काल्पनिक फर्निचर टाकलेली चित्रे हल्ली सहज तयार करता येतात. ती वापरायचीच असतील तर त्याच खोलीचा मूळ फोटो शेजारी द्यावा आणि फर्निचर काल्पनिक आहे हे चित्रावरच लिहावे. काल्पनिक पलंग अनेकदा खऱ्या पलंगापेक्षा लहान आकाराचा टाकलेला असतो, तेव्हा मापेही तपासावीत.

छायाचित्रकार घेतलाच तर विवाहसोहळ्यांचे चांगले काम करणारा माणूस घरासाठीही चांगला असेल, असे गृहीत धरू नये. ही निराळी सवय आहे. त्याला आधी काढलेल्या एखाद्या साध्या, सजावट नसलेल्या फ्लॅटचे सगळे फोटो दाखवायला सांगावे, निवडक पाच नव्हे. उभ्या कडा सरळ आहेत का, खिडकीबाहेरचे काही दिसते का, आणि ते फोटो पाहून आपल्याला त्या घराचा नकाशा कागदावर काढता येईल का, हे बघावे. शेवटची कसोटी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. खर्च करणे शक्य नसेल, तर स्वतः मोबाइलवर काढावेत: भिंग मऊ कापडाने पुसून, ग्रिड लावून, शक्यतो १ या साध्या भिंगाने, छोट्या तिपाईवर ठेवून, तीन सेकंदांच्या टायमरवर, वर सांगितलेल्या वेळांना. नीट वेळ दिला तर हे फोटो एजंटच्या सध्याच्या फोटोंपेक्षा नक्कीच चांगले येतील, आणि मध्यम किमतीच्या घरासाठी कित्येकदा पुरेसेही ठरतील.

फोटोंच्या सोबत मापांसह एक साधा आराखडा द्यावा; प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फूट-इंचांत आणि एकूण चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. जुन्या करारपत्रात अनेकदा फक्त बिल्टअप, म्हणजे भिंती धरूनचे क्षेत्र लिहिलेले असते, त्यामुळे टेपने मोजून घेणे बरे. परदेशातला ग्राहक फोटोंइतकाच वेळ त्या आराखड्यावर घालवतो. दारातून आत येऊन सर्व खोल्यांतून सावकाश फिरणारा, न कापलेला दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओही उपयोगी पडतो. त्याला संगीत लावण्याची गरज नाही, खिडकीबाहेरचा आवाज किती आहे हे ऐकू येऊ द्यावे.

फोटो काढण्यापूर्वी घरातील खासगी गोष्टी दूर कराव्यात. देवघरातील चांदीची भांडी, तिजोरी असलेले कपाट, नातवंडांचे फोटो, भिंतीवरची प्रमाणपत्रे, पार्किंगमधल्या गाड्यांचे क्रमांक हे सर्व अनोळखी लोकांच्या मोबाइलवर जाणार असते, आणि बंद घराबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. मुख्य दाराच्या कुलपाचा जवळून फोटो देऊ नये. घरात भाडेकरू राहत असते, तर त्यांची संमती आणि त्यांच्या सोयीची वेळ घेणे आवश्यक ठरले असते.

तयार झालेले फोटो एजंटला व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नयेत, कारण त्यात त्यांचा आकार आणि तपशील कमी होतो आणि तो पुढे दुसऱ्या एजंटला पाठवतो तेव्हा ते आणखी बिघडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा. मोबाइलच्या मूळ फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी ती काढून टाकावी. जुने फोटो सर्व पोर्टलवरून उतरवून मगच नवे चढवावेत, आणि शक्य असेल तर जुनी जाहिरात बंद करून नव्याने टाकावी, म्हणजे किती दिवसांपासून पडून आहे याची छाया नव्या फोटोंवर राहणार नाही. व्यवहाराची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात सर्व जाहिराती उतरवण्यास एजंटला लेखी सांगावे. त्यानंतर ते घर दुसऱ्याचे असते आणि त्याच्या आतल्या खोल्या लोकांसमोर ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.